घरातील मत्स्यालय : आवक, विसर्ग आणि मोकळ्या जागेचा हिशेब

पावसाळा सुरू झाला, की सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील घरोघरी सकाळी वृत्तपत्र उघडताच नजर जाते ती पाण्याच्या आकड्यांकडे. कोयना धरणात आवक किती, विसर्ग किती, वक्र दरवाजे किती फुटांनी उचलले आणि सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी किती फुटांवर गेली, हे आकडे या भागातील माणसाला पाठ असतात. याच हिशेबाची एक छोटी प्रतिकृती आता अनेक घरांच्या दिवाणखान्यात काचेच्या टाकीच्या रूपाने उभी आहे. मोठ्या मत्स्यालयाखालच्या कपाटात दुसरी टाकी ठेवून पाणी सतत खाली-वर फिरवण्याची पद्धत शहरांतील हौशी मंडळींमध्ये रूढ झाली आहे. मात्र, या रचनेत आवक आणि विसर्ग यांचा तोल चुकला, तर रात्रीत पंचवीस-तीस लिटर पाणी फरशीवर येते, पंप कोरडा फिरून जळतो आणि सकाळी मासे तळाशी पडलेले दिसतात. हा तोल कसा साधायचा, याची ही माहिती.

रचना कशी असते?

वरची टाकी ही माशांची. तिच्या एका कडेला काचेचा किंवा अ‍ॅक्रिलिकचा उभा कप्पा असतो. त्याच्या कडेवरून पृष्ठभागाजवळचे पाणी कप्प्यात पडते आणि नळीवाटे खालच्या टाकीत उतरते. या कप्प्याला ओव्हरफ्लो आणि खालच्या टाकीला सम्प म्हणतात. सम्पमध्ये गाळणीचे स्पंज, जिवाणूंच्या वाढीसाठी सिरॅमिकच्या नळ्या किंवा प्लॅस्टिकचे गोळे आणि पाणी तापविणारा हीटर ठेवता येतो. शेवटच्या खणात पंप असतो. तो गाळलेले पाणी पुन्हा वर ढकलतो.

या पद्धतीचे फायदे अनेक आहेत. एकूण पाणी वाढते, त्यामुळे तापमान आणि पाण्याचा दर्जा चटकन बदलत नाही. पृष्ठभागावरचा तेलकट थर आपोआप निघून जातो. साफसफाई करताना माशांना त्रास होत नाही. पण एका टाकीच्या जागी दोन टाक्या आल्या, की दोहोंमधील पाण्याची वाटणी हा नवा प्रश्न उभा राहतो.

दोन पंपांची चूक

नवख्या हौशी माणसाला पहिल्यांदा सुचतो तो उपाय म्हणजे एक पंप पाणी वर चढवायला आणि तेवढ्याच क्षमतेचा दुसरा पंप पाणी खाली उतरवायला. कागदावर हा हिशेब बरोबर दिसतो. प्रत्यक्षात कोणतेही दोन पंप अगदी सारखे चालत नाहीत. ताशी १२०० लिटर पाणी फिरत असेल आणि दोन पंपांत केवळ एक टक्क्याचा फरक असेल, तर तासाला १२ लिटर आणि दिवसभरात २८८ लिटर पाणी एकाच बाजूला साचेल. चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच अशा टाकीत काठोकाठ भरले तरी सुमारे २५५ लिटर पाणी मावते. म्हणजे एक टक्क्याची चूक दिवसभरात अख्ख्या टाकीएवढे पाणी इकडचे तिकडे करते. त्यात एका पंपाच्या जाळीत शेवाळ अडकले, की फरक एक टक्क्यावर थांबत नाही.

म्हणून पहिला नियम असा, की पंप एकच असावा आणि तो पाणी वर चढवण्यासाठी असावा. खाली उतरण्याचे काम गुरुत्वाकर्षणावर सोडावे.

सांडव्याचा स्वयंतोल

साताऱ्याच्या वाचकांना हे समजावण्यासाठी कास तलावाचे उदाहरण पुरेसे आहे. उंचावरील या तलावातून सातारा शहराला पाणी येते ते गुरुत्वाकर्षणाने. पावसाळ्यात तलाव भरला, की जादा पाणी सांडव्यावरून वाहू लागते. मोकळ्या सांडव्याला कुणी दरवाजा उघडावा लागत नाही. पाऊस वाढला, की सांडव्यावरचा पाण्याचा थर जाड होतो. पाऊस ओसरला, की पातळ होतो. जेवढी आवक, तेवढाच विसर्ग होईल अशा उंचीवर पाणी आपोआप स्थिरावते.

मत्स्यालयातील ओव्हरफ्लोची कड हा असाच सांडवा आहे. ३० सेंटिमीटर लांबीच्या सरळ कडेवरून ताशी १२०० लिटर पाणी जाते, तेव्हा कडेवरील पाण्याचा थर साधारण ७ मिलिमीटर असतो. प्रवाह दुप्पट केला, तरी तो सुमारे ११ मिलिमीटरच होतो. कारण थराची उंची दुप्पट झाली, तर वाहून जाणारे पाणी जवळपास पावणेतीन पट होते. पंपाच्या वेगात थोडा चढउतार झाला तरी वरच्या टाकीची पातळी फारशी हलत नाही, ती यामुळेच.

कड जितकी लांब, तितका थर पातळ आणि पातळी स्थिर. माशांना कप्प्यात जाण्यापासून रोखण्यासाठी कडेला कंगव्यासारखे दाते किंवा जाळी बसवतात. दात्यांमुळे पाणी जाण्याची वाट जवळपास निम्मी होते, हे कडेची लांबी ठरवताना लक्षात घ्यावे.

डब्यावरचा आकडा आणि प्रत्यक्षातला प्रवाह

गोड्या पाण्याच्या टाकीत तासाला एकूण पाण्याच्या चार ते सहा पट पाणी फिरले, तरी गाळणीचे काम व्यवस्थित चालते. २५५ लिटरच्या टाकीला त्यासाठी ताशी १००० ते १५०० लिटर प्रवाह पुरतो.

पंपाच्या डब्यावर छापलेला प्रवाह मात्र शून्य उंचीचा असतो. पाणी जसजसे वर चढवावे लागते, तसतसा तो घटतो आणि पंपाच्या कमाल उंचीला तो शून्य होतो. कपाटातील सम्पपासून टाकीच्या काठापर्यंतची चढण सव्वा ते दीड मीटर असते. कमाल उंची तीन मीटर असलेला पंप तेथे पोहोचेपर्यंत आपल्या छापील क्षमतेचा बराच भाग गमावून बसतो. प्रत्येक काटकोनी एल्बो आणि अरुंद नळी त्यात आणखी घट करते. पंपाच्या तोंडापेक्षा एक माप मोठी नळी वापरली आणि वळणे कमी ठेवली, तर हा तोटा कमी होतो.

खरा प्रवाह मोजण्याची रीत सोपी आहे. वर येणाऱ्या नळीचे तोंड दहा लिटरच्या बादलीत धरावे आणि घड्याळ लावावे. बादली ३० सेकंदांत भरली, तर प्रवाह ताशी १२०० लिटर आहे. बादली धरायची ती नळीच्या नेहमीच्या उंचीवर, एवढे पथ्य मात्र पाळावे.

प्रवाह जास्त वाटला, तर तो कमी करण्यासाठी व्हॉल्व्ह पंपाच्या पुढच्या बाजूला, म्हणजे पाणी बाहेर पडते त्या नळीवर बसवावा. पंप पाणी ओढतो ती बाजू कधीही आवळू नये. तसे केल्याने पंपात हवेचे बुडबुडे होतात, आवाज वाढतो आणि पंपाचे आयुष्य घटते.

पाणी उतरण्याचे मार्ग

उतरणीच्या नळीचे दोन स्वभाव असतात. पहिल्यात नळी अर्धवट भरलेली असते. पाणी आतल्या भिंतीला धरून उतरते आणि मधून हवा जाते. ही पद्धत सुरक्षित असते, पण हवा आणि पाणी एकत्र गेल्याने गुळण्या केल्यासारखा आवाज येतो. त्यावर उपाय म्हणून नळीच्या वरच्या टोकाला टी जोडून तिच्या टोपणाला हवेसाठी छोटे छिद्र पाडतात. अमेरिकेतील एका हौशी मत्स्यपालकाच्या नावावरून या रचनेला जगभर डर्सो म्हणतात. दिवाणखान्यातील आवाज यामुळे बराच कमी होतो.

दुसऱ्या स्वभावात नळी पूर्ण भरते आणि तिचा सायफन, म्हणजे वक्रनलिका होते. त्याच जाडीची नळी आता कितीतरी पट अधिक पाणी नेते आणि आवाज जवळजवळ बंद होतो. पण तिची भूक पंपाच्या प्रवाहापेक्षा मोठी असल्याने ती कप्पा रिकामा करते, हवा ओढते, थांबते आणि पुन्हा सुरू होते. म्हणून अशा नळीवर व्हॉल्व्ह बसवून तिचा प्रवाह पंपाच्या प्रवाहाशी जुळवावा लागतो. येथे मोकळ्या सांडव्याचे गणित संपते आणि कोयनेच्या दरवाजांचे सुरू होते.

पाटण तालुक्यातील कोयना धरणाची क्षमता १०५.२५ टीएमसी असून, त्याच्या सांडव्यावर सहा वक्र दरवाजे आहेत. ते किती उचलायचे हे आवक पाहून ठरवावे लागते. सोडलेले पाणी कऱ्हाडला कृष्णेत मिसळते आणि त्याचा परिणाम सांगलीत काही तासांनी दिसतो. व्हॉल्व्ह आणि पातळी यांच्यातही असेच अंतर असते. म्हणून व्हॉल्व्ह अगदी थोडा फिरवावा, दहा मिनिटे थांबावे, कप्प्यातील पातळी पाहावी आणि मगच पुन्हा हात लावावा. या कामाला बॉल व्हॉल्व्हपेक्षा गेट व्हॉल्व्ह बरा, कारण त्यात बारीक फरक करता येतो.

मात्र, व्हॉल्व्ह बसवलेली नळी एकटी कधीच ठेवू नये. हे सर्वांत महत्त्वाचे पथ्य आहे. आवळलेल्या व्हॉल्व्हमध्ये एखादे पान किंवा गोगलगाय अडकली, तर पाण्याला दुसरी वाटच उरत नाही. शेजारी, थोड्या वरच्या उंचीवर तोंड असलेली, व्हॉल्व्ह नसलेली दुसरी नळी हवीच. मत्स्यपालक या जोडरचनेला हर्बी म्हणतात. बीन अ‍ॅनिमल नावाच्या रचनेत तीन नळ्या असतात : एक सायफन, दुसरी किरकोळ जादा पाण्यासाठी आणि तिसरी संपूर्ण कोरडी, केवळ संकटासाठी. कोयनेतही वीजनिर्मितीचे पाणी पश्चिमेला चिपळूणच्या बाजूस जाते आणि पुराचे जादा पाणी दरवाजांतून पूर्वेकडे नदीपात्रात येते. नेहमीची वाट वेगळी आणि जादा पाण्याची वाट वेगळी, हे तत्त्व दोन्हीकडे सारखेच आहे.

तयार टाकीला छिद्र पाडता येत नसेल, तर काठावर अडकवण्याच्या पेटीतून उलट्या यू आकाराच्या नळीने पाणी उतरवतात. या नळीच्या माथ्यावर हळूहळू हवा साचते आणि सायफन तुटतो. पंप मात्र पाणी चढवतच राहतो. त्यामुळे नवी टाकी घेताना काचेला छिद्र पाडून घेणेच श्रेयस्कर. टफन केलेल्या काचेला नंतर छिद्र पाडता येत नाही, ती फुटून तिचे तुकडे होतात. काचेत साधी काच कुठली आणि टफन केलेली कुठली, हे दुकानदाराकडून आधी विचारून घ्यावे.

वीज गेल्यावर काय होते?

पंप चालू असताना सगळे सुरळीत दिसते. रचनेची परीक्षा होते ती पंप थांबल्यावर. भारनियमनाच्या काळाने हा धडा अनेक घरांना दिला, आणि वादळी पावसात वीज जाण्याचे प्रसंग आजही येतात.

पंप थांबला, की दोन गोष्टी घडतात. कडेपर्यंतचे पाणी ओव्हरफ्लोतून खाली उतरते. त्याच वेळी वर चढणारी नळी उलट दिशेने सायफन होऊन, तिचे तोंड उघडे पडेपर्यंत टाकीतील पाणी खाली ओढते. चार फूट बाय दीड फूट टाकीत एक सेंटिमीटर उंचीचे पाणी म्हणजे सुमारे ५.६ लिटर. नळीचे तोंड पाण्यात ५ सेंटिमीटर बुडालेले असेल, तर २८ लिटर पाणी खाली येईल.

आता खालची टाकी पाहू. तीन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच सम्पमध्ये एक सेंटिमीटर पाणी म्हणजे सुमारे २.८ लिटर. वरून आलेल्या २८ लिटरने तेथील पातळी १० सेंटिमीटरने चढते. नळ्यांतील आणि कप्प्यातील पाणी धरले, तर आणखी एक-दोन सेंटिमीटर. म्हणजे ३० सेंटिमीटर उंचीच्या सम्पमध्ये पंप चालू असताना पाणी १५ सेंटिमीटरच्या वर असता कामा नये. सम्प अर्धा रिकामा दिसतो, म्हणून तो भरून टाकण्याचा मोह अनेकांना होतो. फरशीवर पाणी येण्याचे हेच नेहमीचे कारण असते.

नळीचे तोंड पृष्ठभागाच्या जवळ, सुमारे २ सेंटिमीटर खोल ठेवले, तर उतरणारे पाणी ११ लिटरच्या आसपास राहते. अनेक जण नळीला पृष्ठभागालगत छोटे छिद्र पाडतात. पाणी तेथवर उतरले, की हवा आत शिरते आणि सायफन तुटतो. हे छिद्र शेवाळाने बुजते, म्हणून ते दर आठवड्याला साफ करावे. नॉन-रिटर्न व्हॉल्व्हच्या पडद्याखाली गाळ अडकला, की तोही पाणी रोखत नाही. या दोन्ही गोष्टी जोडीला असाव्यात; हिशेब मात्र त्या नाहीत असे धरूनच करावा.

वाट तुंबल्यावर काय होते?

उलट प्रसंगही तपासला पाहिजे. उतरणीच्या सगळ्या वाटा बंद झाल्या आणि पंप चालूच राहिला, तर तो आपल्या खणातील पाणी संपेपर्यंत वर चढवील. पंपाचा खण ३० बाय ३० सेंटिमीटरचा असेल आणि पंपाच्या तोंडावर १० सेंटिमीटर पाणी असेल, तर ते ९ लिटर होते. वरच्या टाकीची पातळी त्याने सुमारे १.६ सेंटिमीटरने वाढेल. टाकीच्या काठाखाली तीन सेंटिमीटर जागा मोकळी असेल, तर एक थेंबही बाहेर पडणार नाही. याच कारणासाठी सम्पमध्ये काचेचे आडवे पडदे घालून पंपाचा खण लहान ठेवतात. पडदे नसतील, तर पंप अख्खा सम्प वर रिकामा करू शकतो.

पाणी संपल्यावर पंप कोरडा फिरतो आणि तापतो. पाणी कमी होताच पंप बंद करणारा फ्लोट स्विच त्यासाठी उपयोगी पडतो.

इशारा पातळी आणि धोका पातळी

सांगलीत आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी मानली जाते. २००५ च्या महापुरात कृष्णा तेथे ५३ फुटांच्या आणि २०१९ च्या महापुरात ५७ फुटांच्या वर गेली. खुणा आधी ठरलेल्या असल्या, तर केव्हा हालचाल करायची हे प्रत्येकाला कळते.

सम्पच्या काचेवरही अशा दोन रेघा ओढाव्यात. वरची रेघ पंप चालू असतानाच्या कमाल पातळीची. वरील उदाहरणात ती १५ सेंटिमीटरवर येईल. खालची रेघ पंपाच्या तोंडाच्या दोन-तीन सेंटिमीटर वर असावी. उन्हाळ्यात बाष्पीभवनामुळे होणारी घट सगळी पंपाच्या खणातच दिसते, कारण वरची पातळी सांडव्याने बांधलेली असते. भर घालताना पंप चालू ठेवूनच वरच्या रेघेपर्यंत पाणी घालावे. नळाच्या पाण्यातील क्लोरीन माशांना आणि गाळणीतील जिवाणूंना मारक असल्याने ते द्रावण वापरून काढून मगच पाणी ओतावे.

मासे सोडण्यापूर्वीची चाचणी

नवी रचना उभी केल्यावर साध्या पाण्यावर पुढील चाचण्या कराव्यात.

१. पंप चालू करून पातळी स्थिर होऊ द्यावी आणि सम्पवर रेघ ओढावी.

२. पंप बंद करावा. पाणी उतरणे थांबेपर्यंत सम्पची पातळी पाहावी. काठाखाली किमान दोन-तीन सेंटिमीटर जागा उरली पाहिजे.

३. पंप पुन्हा चालू करावा. हात न लावता उतरण सुरू झाली पाहिजे आणि पातळी जुन्या रेघेवर आली पाहिजे. बंद-चालूचा हा प्रयोग निदान तीन वेळा करावा, कारण वीज मध्यरात्री परत येते तेव्हा व्हॉल्व्ह जुळवायला कुणी जागे नसते.

४. मुख्य नळीचे तोंड कापडाने बंद करावे. संकटकालीन नळीने सगळा प्रवाह एकटीने पेलला पाहिजे.

५. शेवटी सगळ्या नळ्या बंद करून, पंपाचा खण संपेपर्यंत वरची टाकी काठाखाली राहते का, ते पाहावे. पंपाने हवा ओढताच तो बंद करावा.

या चाचण्या दर तीन-चार महिन्यांनी, पंप साफ केल्यावर पुन्हा कराव्यात. साफ केलेला पंप जास्त पाणी ढकलतो, त्यामुळे आधी जुळवलेला व्हॉल्व्ह नव्याने जुळवावा लागतो.

विजेबाबतही काळजी हवी. सॉकेट सम्पच्या पातळीपेक्षा उंच असावे आणि वायर सॉकेटच्या खाली झोळ देऊन मग वर न्यावी, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे पाणी झोळातून खाली टपकेल. या जोडणीवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असणे आवश्यक आहे. पाण्यात हात घालण्यापूर्वी सर्व उपकरणे बंद करावीत. वीज बराच वेळ गेल्यास प्राणवायूसाठी बॅटरीवर चालणारा हवेचा पंप हाताशी ठेवावा.

ताशी १२०० लिटर म्हणजे एका क्युसेकचा सुमारे पंचाऐंशीवा भाग. धरणातून हजारो क्युसेक सुटतात. प्रमाण इतके वेगळे असले, तरी प्रश्न एकच आहे. दोन्ही महापुरांनंतर ऐन पावसाळ्यात धरणांत किती जागा मोकळी ठेवावी, यावर मोठी चर्चा झाली. तेथे पिण्याचे पाणी, शेती, वीज आणि पूर यांची सांगड घालावी लागते आणि उत्तर सोपे नसते. घरच्या मत्स्यालयात ते सोपे आहे. पंप थांबल्यावर खाली येणारे आणि वाट तुंबल्यावर वर चढणारे पाणी मोजून तेवढी जागा दोन्ही टाक्यांत रिकामी ठेवली, की वीज रात्री कितीही वाजता गेली तरी फरशी कोरडी राहते आणि मासे सकाळी पोहत असतात.